अकरा दिवस, एका ओळीपायी

जपानी शास्त्रज्ञ शुनइची अमारी यांचं १९७७ चं न्यूरल फील्ड समीकरण (मेंदूतली सक्रियता कशी पसरते ते मांडणारं) कोडमध्ये उतरवायला मला एक संध्याकाळ लागली. नंतरचे अकरा दिवस कुठे गेले ते सांगतो, कारण राग अजून गेलेला नाही.

या समीकरणात एकेक पेशी मोजायची नसते. मेंदूचा पट्टा सलग धरायचा. प्रत्येक बिंदूची सक्रियता आपोआप ओसरते, आणि उंबरठा ओलांडलेल्या बाकी बिंदूंचा प्रभाव इंटिग्रलमधून तिच्यात मिसळतो. जवळचे चेतवतात, लांबचे दाबतात. कुठल्या अंतरावर किती प्रभाव हे सांगणारं सूत्र म्हणजे कर्नल. माझा होता (१ − अंतर) गुणिले ई (साधारण २.७१८) चा (−अंतर) घात, उंबरठा ०.२.

पट्ट्याच्या मधोमध एक फुगवटा, म्हणजे उंबरठ्यावरच्या सक्रियतेचा तुकडा, ठेवून कोड चालवला. फुगवटा टिकला, पण थोड्याच वेळात पट्ट्याच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा असा दुसराही उगवला! मला वाटलं, काहीतरी सापडलं. दोन दिवस तर मी खुशीतच होतो. मग काळाची पायरी बारीक केली, तेवढ्याच पट्ट्यावर ग्रिडचे बिंदू दुप्पट केले, उंबरठ्यावर ० वरून एकदम १ वर उडी मारणारं फलन काढून हळूहळू चढणारं सिग्मॉइड घातलं. टोकांवरचे पाहुणे हलेनात. चिडचिड इतकी, की समीकरणच पुन्हा पहिल्यापासून मांडून पाहिलं. ते बरोबरच होतं.

शेवटी पट्ट्याची लांबी दुप्पट केली. पाहुणे पुन्हा बरोबर टोकांनाच! खरा प्रभाव अंतर ओळखतो, त्याला पट्टा कुठे संपतो याच्याशी काय देणंघेणं? इंटिग्रल मी एफएफटीने (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, बेरजा झटपट करणारी पद्धत; ती पट्ट्याची टोकं जोडून वर्तुळ धरते) काढत होतो. एफएफटीला कर्नलचं शिखर ॲरेच्या पहिल्या घरात लागतं, माझं मधोमध होतं. त्यामुळे प्रत्येक प्रभाव अर्धा पट्टा सरकून पडत होता: मधल्याचा टोकांना, टोकांचा मध्ये. शिफ्टची एक ओळ घातली, पाहुणे गेले.

वाईट म्हणजे फुगवट्याची रुंदी चुकीच्या कोडमध्येही बरोबरच येत होती, म्हणून संशय आला नाही. हो, हे आधीच सांगायला हवं होतं: रुंदी कागदावर काढून ठेवा. या कर्नलला रुंदी गुणिले ई चा (−रुंदी) घात बरोबर ०.२ हे सोडवायचं. उत्तरं दोन, साधारण ०.२६ आणि २.५४. अरुंद अस्थिर, रुंद स्थिर. ०.२ रुंदीने सुरू केलेला विझला, ०.५ वाला फुगत २.५४ वर थांबला, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

आणि इंटिग्रलला ग्रिडच्या शेजारच्या दोन बिंदूंमधल्या अंतराने गुणायला विसरू नका. तेही एकदा झालं होतं, पण अर्ध्या तासात सापडलं.