आरएक्स १००चा गळका कार्ब: नवा न घेता कुठवर आलं काम

गाडी यामाहा आरएक्स १००, कार्ब (कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मूळचाच, मिकुनी कंपनीचा व्हीएम २०. तक्रार ठरलेली: साइड स्टँडवर लावली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं, प्लग ओला होतो, सकाळी किक मारून पाय दुखतो. यावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, कार्ब बदला. पण या गाडीचं उत्पादन १९९६ सालीच थांबलं. नवा म्हणून जो मिळतो त्यात डुप्लिकेट माल बराच, आणि त्याच्या जेटचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याचा, आकडा बरोबर असला तरी भोक बरोबर असेलच असं नाही. मूळ बॉडीला तडा नसेल तर ती टाकू नका. गळती कार्बला दिसते, पण शोधायची टाकीपासून खाली. पैसेही त्याच क्रमाने घालायचे.

पहिलं काम पेट्रोल कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या तोटीचं. कार्बकडची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडली, कॉक बंद ठेवला. पंधरा मिनिटांत तळाला पेट्रोल जमलं. आतली चार भोकांची रबरी चकती कडक होऊन तिच्यावर वळ उमटले होते. चकती बदलली, ती जिथे घासते ती धातूची बाजू काचेवर ८०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून ओली घासली. आता बाटली कोरडी राहते. कॉक बंद होत नसेल तर हे काम उद्यावर टाकू नका. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या कप्प्यात) साचतं. स्प्लेंडर किंवा बुलेटसारखी फोर-स्ट्रोक असेल तर ते पिस्टनच्या रिंगांवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या काडीला) पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

टाकीत तांबूस गाळ होता. लिंबूसत्त्व, लिटरमागे साधारण ७० ग्रॅम, कोमट पाण्यात. रात्रभर विसरून ठेवायचं नाही, दर दोन-तीन तासांनी बघायचं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं आणि लगेच थोडं पेट्रोल आणि टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून आत फिरवायचं. ठाण्याच्या पावसाळी हवेत धुतलेली टाकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा गंज धरते. टाकी आणि कार्बच्या मध्ये जाळीचा फिल्टर बसवला. कागदी फिल्टर मुद्दाम टाळला, कारण इथे पंप नाही, पेट्रोल नुसत्या उतारावर येतं आणि कागदात हवा अडकते.

बाऊल म्हणजे कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी. तिचे स्क्रू जपानी घडणीचे असतात. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या डोक्यात नीट बसत नाही आणि डोकं चेपतं. बरोबर टोकाचा ड्रायव्हर लावा, आधी वरून हलका ठोका द्या, मग फिरवा. जांभळी नाक्याच्या बाजारात जुना स्क्रू नमुन्याला नेला की त्याच मापाचे स्टीलचे ॲलन बोल्ट मिळतात. ते जोर लावून पिळायचे नाहीत, बाऊलचे कान वाकतात. इथे ते वाकलेलेच होते. बाऊल काचेवर ठेवला तर एक कोपरा डुलत होता. ४०० आणि मग ८००च्या पेपरवर आठच्या आकड्यात फिरवून सपाट केला, तेव्हा पॅकिंगमधून येणारा ओलावा थांबला.

आता खरी जागा: फ्लोटची नीडल आणि तिची सीट. बाऊलमध्ये पेट्रोल चढलं की तरंगता फ्लोट नीडल वर ढकलतो आणि ती सीटच्या भोकात बसून पेट्रोल रोखते. नीडलच्या रबरी टोकावर मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं तर गोल खाच स्पष्ट दिसते. बोटाला फारशी लागत नाही, पण पेट्रोल तिथूनच सुटतं. नीडल-सीटचं किट घेताना तीन गोष्टी बघा. नीडलच्या शेपटीतली स्प्रिंगची पिन दाबली की सहज परत यायला हवी. सीटवरचा आकडा जुन्या सीटशी जुळायला हवा, कारण मोठ्या भोकाची सीट लावली तर तोच फ्लोट तिथला दाब रोखू शकत नाही. आणि सीटखालचा वायसर नवाच हवा. आट्यांमधून झिरपलेलं पेट्रोलही ओव्हरफ्लोतूनच बाहेर येतं, आणि दोष बिचाऱ्या नीडलला जातो. सीट मूळचीच ठेवायची असेल तर कान साफ करायच्या काडीवर पितळ पॉलिश लावून आत हलकेच फिरवा, नंतर स्प्रेने पूर्ण धुवा. जेटमध्ये लोखंडी तार घालू नका, मासेमारीची नायलॉन दोरी पुरते.

पुष्कळ गॅरेजमध्ये गळती थांबवायला फ्लोटची जीभ वाकवतात. जीभ नीडलच्या बाजूला वाकवली की नीडल लवकर बंद होते, पातळी खाली जाते, ठिबकणं थांबतं आणि गिऱ्हाईक खूश. पण घासलेली नीडल तशीच राहते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आरएक्ससारख्या गाडीत पूर्ण थ्रॉटलवर पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन जाम होण्याची तयारी. म्हणून आधी नीडल-सीट, आणि जिभेला हात सर्वांत शेवटी.

पातळी डोळ्यांनी बघता येते. वागळे इस्टेटमधल्या लेथवर एका जुन्या ड्रेन बोल्टला आरपार भोक पाडून निपल बसवून घेतलं. त्याला पारदर्शक नळी लावून ती कार्बच्या बाजूने उभी धरायची. गाडी मेन स्टँडवर, कॉक चालू. नळीतलं पेट्रोल बाऊल आणि बॉडीच्या सांध्याच्या खालीच थांबलं पाहिजे. ते हळूहळू चढतच राहिलं तर नीडल धरत नाही. एका ठिकाणी थांबलं, पण सांध्यापर्यंत आलं, तर फ्लोटची उंची चुकलीय किंवा फ्लोटच जड झालाय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तर बुडबुडे येतात. आत पेट्रोल शिरलेल्या फ्लोटला ते पूर्ण उडून गेल्याशिवाय डाख लावायला जाऊ नका, भडका उडतो.

नवी नीडल, बरोबर पातळी, तरी थेंब चालूच राहिले. बाऊल सुटा करून उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली येईल इतकं पेट्रोल भरून वर्तमानपत्रावर ठेवला. कागदावर डाग पसरला. नळीला मुळाशी केसाएवढी उभी चीर होती. बाऊल ज्या मिश्रधातूचा असतो तो ज्योतीने सहज वितळतो, म्हणून गॅसची बत्ती नको. नळी खरवडून, फ्लक्स लावून सोल्डरिंग आयर्ननेच डाख भरला. तीच चाचणी पुन्हा घेतली, कागद कोरडा.

रबरांबद्दल एक सांगायला हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या काळातली रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. नळी आणि ओ-रिंग व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) मागा. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा.

जोडल्यावर हवेचा स्क्रू पूर्ण आत हलका टेकवून दीड आटा बाहेर ठेवला आणि इंजिन गरम झाल्यावर सर्वांत सरळ आयडलिंग मिळेपर्यंत पाव-पाव आट्याने फिरवला. ऑइल पंपाची बारीक नळी सुटली असेल तर तिच्यात हवेचा बुडबुडा नाही हे बघूनच निघा. गायमुख घाटाचा चढ आणि घोडबंदर रोडवरची रांग, दोन्हीकडे गाडी नीट चालली, प्लग फिकट तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. साइड स्टँडवर रात्रभर ठेवून लादी कोरडी.

आतापर्यंतचा खर्च हजाराच्या आत. बाकी आहे ती स्लाइड, म्हणजे थ्रॉटलच्या वायरने कार्बमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या: बॉडीत बोटाने हलवली तर खेळ जाणवतो आणि थ्रॉटल सोडल्यावर आयडलिंग कधी वर अडकतं. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या जुन्या मालात मूळ मिकुनीची स्लाइड शोधतोय. कुणाकडे झीज न झालेली असेल तर तिचा कटअवे नंबर (स्लाइडच्या खालच्या कापाचा आकडा) कळवा, आमच्या स्लाइडशी ताडून बघू.