कोरड्या पट्ट्यातली जायफळे

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दापूर तालुक्यात अजूनही काही अरुंद घळी अशा आहेत, की त्यांच्या तळाशी बारमाही झरा वाहतो आणि त्या पाण्यातच जायफळाच्या कुळातली उंच झाडे उभी असतात. अशा मिरिस्टिका दलदलींचे वर्णन कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोरच्या सदाहरित जंगलांतून केले. एके काळी सह्याद्रीच्या दक्षिण भागात घळीघळींतून पसरलेल्या या दलदलींचे आज तुकडेच उरले आहेत, कारण सपाट जमीन आणि न आटणारे पाणी भातशेतीला आणि पोफळीच्या बागेलाही तितकेच सोयीचे असते. अशाच एका तुकड्यात रोपांची गणना करताना आलेला एका दिवसाचा अनुभव येथे लिहीत आहे.

पावसाळा तोंडावर आला होता आणि फळे पडू लागली होती. मिरिस्टिका मॅग्निफिका या झाडाचे बी मोठे असते आणि त्याला वाळणे अजिबात सोसत नाही. धान्यासारखे ते डब्यात भरून ठेवता येत नाही, ओल गेली की त्यातला जीव जातो. शिवाय या झाडांत नर आणि मादी वेगवेगळी असतात, त्यामुळे लहानशा तुकड्यात फळे धरणारी झाडे एकूण झाडांहून थोडी निघतात. म्हणून आमचे काम केवळ खोडांचा घेर मोजण्याचे नव्हते. झऱ्यापासून दोन्ही बाजूंना टेप ताणायचा, ठरावीक अंतरावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतले बी, नुकते उगवलेले रोप, गुडघाभर रोप आणि तरणे झाड यांची वेगवेगळी नोंद करायची, असा क्रम होता.

डाव्या काठाची नोंद सकाळीच झाली. तिथे चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होता, जळवा सतत काढाव्या लागत होत्या आणि रोपे इतकी दाट होती, की त्यांना धक्का न लावता बसायला जागा शोधावी लागत होती. जायफळाच्याच कुळातल्या जिम्नॅक्रँथेराची मुळे चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकत आणि पुन्हा आत शिरत होती. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून या झाडांची मुळे श्वासासाठी अशी बाहेर येतात.

उजव्या काठावर मात्र पहिल्याच चौकटीत मी थांबले. समोर मिरिस्टिकाचे जुने, भक्कम झाड होते; त्याची आधारमुळे माझ्या कमरेच्या वरपासून खोडातून फुटून चहूबाजूंनी जमिनीत उतरलेली होती. पण त्या मुळांखालची माती कोरडी, भुसभुशीत होती आणि पाचोळा पायाखाली कुरकुरत होता. पाचोळा बाजूला केला तेव्हा खाली पूर्वीच्या हंगामातल्या बिया सापडल्या. चाकूने एक चिरली. आतला गर आक्रसून कवचापासून सुटला होता. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. पुढच्या चौकटीतही तेच: मोठी झाडे होती, बी होते, रोप मात्र एकही नव्हते. दोन्ही काठांची केवळ मोठी झाडे मोजली असती, तर उजवी बाजू डावीपेक्षा समृद्ध ठरली असती. ज्या पाण्यावर ही झाडे वाढली ते पाणी निघून गेले होते, आणि झाडे दीर्घायुषी असल्यामुळे ते वरवर पाहणाऱ्याला कळत नव्हते.

आमच्या मदतनिसाने वर बोट दाखवले. चढावर, झाडीआड, एक पाट होता. त्याच्या कडेने चालत आम्ही झऱ्याच्या मुखाजवळ पोहोचलो, तर तिथे दगडमातीचा लहान बांध घालून पाणी वळवलेले होते. पाट जिथे संपत होता त्या पोफळीच्या बागेचे मालक, सत्तरीच्या पलीकडचे गृहस्थ, तिथेच काम करत होते. मदतनीस दुभाष्या झाला. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे अज्जा म्हणत होते. पाट त्यांच्या वडिलांच्या काळातला आहे आणि त्याआधी पाणी घळीच्या तळभर पसरत असे, असे त्यांनी सांगितले. लहानपणी उजव्या बाजूने गुरे न्यायला घरचे लोक मनाई करीत, कारण ती रुतत, हेही त्यांनीच सांगितले.

त्यांना दोष देणे मला मान्य नाही. या भागात ब्रिटिश काळापासून बागायतदारांना बागेच्या खतासाठी पालापाचोळा गोळा करायला डोंगरउताराचे रान दिलेले आहे, एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत. अज्जांच्या वाट्याचा असा उतार झाडांनी भरलेला होता, आणि त्या झाडांमुळेच झरा उन्हाळ्यातही वाहता होता. रान राखणारा आणि पाणी नेणारा माणूस एकच होता. २०११ मध्ये अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात सिंहपुच्छ वानर आणि या दलदली यांच्यासाठी सुमारे ३०० चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या बांबर्डे-हेवाळ्याच्या देवराईतल्या दलदलीला २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या दोन्ही निर्णयांचे मोल मोठे आहे. पण दलदलीच्या बाबतीत नकाशावरची हद्द पुरत नाही. जो झरा तिला जगवतो तो बहुधा हद्दीबाहेर उगम पावतो, आणि त्याच्या वाटणीचा निर्णय बांधावर उभा असलेला माणूस घेतो.

मी अज्जांना खाली येऊन दोन्ही काठ पाहण्याची विनंती केली. ते आले. चिरलेली बी त्यांनी हातात घेऊन निरखली, मग डाव्या काठाची रोपे पाहिली आणि बराच वेळ मुळांची उंची न्याहाळत राहिले. पाट बंद करता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मार्च ते मे बागेला ते पाणी लागतेच. मात्र बागेला पाणी देऊन झाल्यावर उरलेले पाणी दुसऱ्या टोकाने रस्त्याकडेच्या गटारात जाते, ते परत घळीकडे वळवायला त्यांची हरकत नव्हती. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. कोरड्या दिवसांत थोडी जरी ओल टिकली, तरी पावसात उगवलेली रोपे पुढचा उन्हाळा काढू शकतील.

दुपारनंतर आम्ही गणना थांबवून पाणनळीने उतार मोजला. वाया जाणारे पाणी गुरुत्वाने उजव्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत पोहोचू शकेल, असे दिसले. खालच्या अर्ध्या भागासाठी पाटाची एक शाखा काढावी लागणार होती, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक होती. मग अंधार पडण्याआधी डाव्या काठावरून ताजी फळे गोळा केली, जाळीदार आवरण काढून बिया धुतल्या आणि अज्जांच्या पडवीत ओल्या मातीच्या पिशव्यांत लावल्या. बियांना उद्यापर्यंत थांबवणे शक्य नव्हते.