‘नामे’चा उलगडा

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. फळ्यावर एन, ए, एम, ई अशी अक्षरं होती. मी खणखणीत आवाजात ‘नामे’ वाचलं आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. ‘‘लिहिलंय तसंच वाचलं त्यानं,’’ एवढं म्हणून त्यांनी ‘नेम’ हा उच्चार सांगितला.

पुढे डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकताना कळलं, की १४व्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, इंग्रज माणूस ‘नाम’ म्हणून शेवटी पुसटसा ‘अ’ लावायचा. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडत गेले. ‘टीम’चं टाइम झालं, ‘हूस’चं हाउस. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन यांनी याला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ म्हटलं. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन यानं १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला होता. स्पेलिंग हळूहळू ठरून गेली, उच्चार मात्र चालतच राहिले.

स्वर सरकले कसे? बाकाच्या टोकाचा मुलगा उठला म्हणून बाकीचे सरकले, की मधल्यानं रेटलं म्हणून टोकाचा उठला, हा अभ्यासकांचा जुना वाद. मला रेटण्याची बाजू पटते. इंग्लंडच्या उत्तरेत दीर्घ ‘ओ’ जिभेच्या पुढच्या बाजूला वळला, टोकावरच्या ‘ऊ’ला त्यानं धक्काच दिला नाही, म्हणून तिकडे ‘हूस’ टिकलं.

आठवीत संस्कृतच्या बाईंनी ‘पितृ–फादर, त्रि–थ्री’ अशा जोड्या लिहून दिल्या होत्या. दोन्ही भाषांच्या सामाईक मूळ भाषेतल्या ‘प’चा इंग्रजीत ‘फ’, ‘त’चा ‘थ’, हा जर्मन भाषाभ्यासक ग्रिमचा १८२२चा नियम. पण जुन्या इंग्रजीत ‘भ्रातृ’मधल्या ‘त’चा ‘थ’ झालेला दिसतो आणि ‘पितृ’मधल्या ‘त’चा चक्क ‘ड’. या अपवादाचं कारण डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरनं १८७७मध्ये दाखवलं, आणि ते त्याला सापडलं वैदिक स्वरांत, म्हणजे कोणतं अक्षर उंच म्हणायचं त्या आघातांत! आघात ‘त’च्या आधीच्या अक्षरावर असेल तर ‘थ’, नसेल तर पुढे ‘ड’. इंग्रजीतला आघात कधीच शब्दाच्या सुरुवातीला सरकला होता. जुन्या आघाताची खूण वेदपठणात उरली होती.

हे सांगायला मी मुद्दाम बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि दोन्ही शब्द म्हटले: ‘भ्राता’, पहिलं अक्षर उंच, ‘पिता’, दुसरं उंच. मग म्हणाल्या, ‘‘पुन्हा सांग, त्या ‘ड’चं.’’