पाणी येण्याची रात्र

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि आमच्या गल्लीत ते बहुधा रात्रीच येते. नळ उघडा ठेवून वाट पाहणाऱ्या माणसाला त्याची चाहूल आधी लागते. प्रथम नुसती हवा फुसफुसते, मग कोणी खाकरावे तसा आवाज होतो, आणि मग गढूळ पाण्याची एक चूळ बादलीत पडते. ज्या घरात जाणते माणूस असते, तेथे या पहिल्या पाण्याखाली कोणी पिण्याची घागर लावत नाही. ते अंगणाला किंवा तुळशीला जाते. तीन वर्षांनंतर पुन्हा लिहायला बसले, तेव्हा पहिली तीन पाने मी अशीच अंगणात ओतली.

लिहिणे थांबले त्याला सांगण्यासारखे कारण नाही. पूर्वी मी दर रविवारी संध्याकाळी लिहीत असे. एका संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे आले, नंदीध्वजांची मिरवणूक पाहून सगळे उशिरा घरी परतले आणि त्या रविवारचे लिखाण राहून गेले. पुढच्या रविवारी वाटले, की दोन आठवड्यांनी लिहायचे तर काहीतरी बरे लिहावे. त्याच्या पुढच्या रविवारी ते आणखी बरे असणे आवश्यक झाले. थकबाकीवर व्याज चढावे तसे हे चढत गेले आणि सहा महिन्यांनी अशी अवस्था आली, की परतायचे तर एखादी अजरामर कृती घेऊनच परतावे लागले असते. ती काही सुचली नाही. शेजारचे काका, ज्यांनी उभे आयुष्य यंत्रमागावर काढले, ते एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, “काय ओ ताई, लिहायचं सोडलाव का?” वेळ मिळत नाही, असे मी सांगितले. ते खोटे होते; त्याच आठवड्यात चटणीसाठी दोन किलो शेंगदाणे मी एकेक करून निवडले होते.

नीट पाहिले तर या तीन वर्षांत मी पूर्वीपेक्षा जास्तच लिहिले. पोचले, हो, बरं, उद्या बघू, भाजी आणली का. दिवसाकाठी असे शंभर तुकडे अंगठ्याने फोनवर लिहिले जात होते आणि त्यांना कोणी लिहिणे म्हणत नव्हते. त्यांनी माझे काय नेले, ते संगणकापुढे बसल्यावर कळले. बोटे शाबूत होती. कळफलकाच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला असतात व बहुतेक व्यंजने उजव्या. ही विभागणी डोक्यातून पुसट झाली असली तरी हातांना ती ठाऊक होती, आणि ‘ल’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ळ’ काढताना करंगळी आपोआप खाली गेली. हरवले होते ते लांब वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि जो, ज्याने, जेव्हा अशी एकेक दारे उघडत गेलेल्या माणसाला सगळी दारे लक्षात ठेवून अखेर त्या क्रियापदापर्यंत चालत जावे लागते. एवढा वेळ वाक्यात थांबण्याची माझी सवयच मोडली होती. आठव्या-नवव्या शब्दाला पूर्णविराम टाकून मोकळे व्हावेसे वाटे. (आखूड वाक्ये आधुनिक असतात, असे कोणी म्हणेल, माझी आधुनिक नव्हती, धापा टाकत होती.)

वाट सापडली ती काकांच्या एका जुन्या बोलण्यातून. मागावरचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, संपत आला की त्याची शेवटची टोके काढून टाकत नाहीत. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला गाठ मारून जोडतात आणि मग सगळे पुढे ओढून घेतात, म्हणजे फणीच्या फटींतून प्रत्येक धागा पुन्हा नव्याने ओवावा लागत नाही. ते आठवले तेव्हा मी नवा विषय शोधणे सोडले आणि अर्धवट राहिलेला जुना लेख उघडला. तो हुरड्यावरचा होता. शेवटची ओळ अशी होती: “गूळभेंडीचे कोवळे कणीस आगटीच्या निखाऱ्यात खुपसल्यावर”. पुढे काहीच नाही. तीन वर्षे ते कणीस निखाऱ्यातच होते!

मी ते बाहेर काढले, हातावर चोळले, दाणे पाखडले आणि क्रियापदापर्यंत पोचले. त्या रात्री एवढेच झाले. पण ती रात्र पाण्याची होती. पिंप भरेपर्यंत जागे राहावेच लागते, आणि त्या पाऊण तासात दुसरे काही करता येत नाही, कारण मन अर्धे नळाकडे असते. लिहायला अर्धे मन पुरते, असा माझा आता अनुभव आहे. पूर्ण मन आले की ते अजरामर कृतीच्या मागे लागते. म्हणून रविवार सोडून मी पाण्याची रात्र धरली. तिला ठरलेला वार नाही, पाण्याची पाळी एखादा दिवस पुढे सरकते, त्यामुळे लिखाण चुकले असे म्हणायला जागा राहत नाही. पाणी आले की लिहायचे. गेल्या पाच पाळ्यांत पाच लेख झाले, त्यांतला एक जेमतेम पानभर, कारण त्या रात्री दाबच कमी होता आणि मी निम्मा वेळ मोटारीशी झगडत होते.

आज नळ सव्वातीनला खाकरला. पिंप भरले, घागरी भरल्या, वरच्या टाकीतून पाणी सांडल्याचा आवाज येतो आहे, तेव्हा मोटार बंद करायला उठायला हवे. पुढच्या लेखाचे पहिले वाक्य मुद्दाम क्रियापदाच्या अलीकडे सोडून ठेवले आहे, आणि पाणी आता शुक्रवारी येईल.