न झालेली मशीद बघायला अंकाराला

तुर्कीच्या राजधानीत, अंकारात, किझिलाय चौकातून कोजातेपे मशिदीचा चढ चढताना धाप लागली. तेपे म्हणजे टेकडी, तेव्हा तक्रारीला जागा नाही. वर पोचलो तर समोर थेट इस्तंबूलची जुनी मशीदच! तसेच एकाला एक बिलगलेले घुमट, तसेच चार मिनार. काम पुरं झालं मात्र १९८७ साली. एवढी पुरातन दिसणारी ही इमारत माझ्याहून वयाने लहान निघाली.

मी आलो होतो ते इथे न झालेली मशीद बघायला. १९५७च्या स्पर्धेत या जागेसाठी वेदात दालोकाय आणि नेजात तेकेलिओलू या वास्तुकारांचा आराखडा निवडला गेला होता: काँक्रीटचं पातळ कवच आणि सडपातळ मिनार. पायाचं काम सुरूही झालं. पण हे फारच आधुनिक, अशी ओरड झाली आणि घातलेला पाया तोडून टाकला. आता मशिदीच्या पोटात चक्क बाजार आहे. तिथून पाण्याची बाटली घेतली.

दालोकाय यांनी उत्तर दिलं ते इस्लामाबादेत. १९६९ साली फैजल मशिदीची स्पर्धा त्यांनी जिंकली. घुमटाला फाटाच, बेदुइनांच्या तंबूसारखं छत! ती १९८६ साली पुरी झाली, कोजातेपेच्या एक वर्ष आधी. भारतीय पासपोर्टवर तिकडे जाणं अवघड, म्हणून मी फोटोंवर भागवतो.

मधल्या काळात, १९७३ ते १९७७, हा माणूस अंकाराचा महापौर होता, रिपब्लिकन पीपल्स पक्षाचा. तेव्हा शहराचं बोधचिन्ह झालं हित्ती सूर्यचक्र. हित्ती म्हणजे इथले प्राचीन राज्यकर्ते. नाव त्यांचं, पण अलाजाहोयुक या प्राचीन स्थळी थडग्यांत सापडलेली ही कांस्यचक्रं हित्तींच्याही आधीची. किल्ल्याजवळच्या संग्रहालयात ती पाहिली. अपेक्षेपेक्षा बरीच लहान, दोन्ही हातांत सहज मावतील एवढी. १९९५मध्ये पालिकेने ते चिन्ह बदललं. नव्यात काय आलं? मशिदीचा घुमट आणि मिनार. मला हसूच आलं, पण ते बघायला दालोकाय नव्हते. १९९१मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

परतताना सिह्हिये चौकात उतरलो. तिथे त्याच चक्राचं अवाढव्य शिल्प आहे, १९७८पासून. चिन्ह बदललं तरी ते कुणी हलवलेलं नाही. चारी बाजूंनी बसगाड्यांची वर्दळ. सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, विकणाऱ्या काकांकडून एक गरम कडं घेतलं आणि तिथल्याच कठड्यावर बसून खाल्लं.