दुपारची रात्र

फिल्मचा डबा उघडला की आधी वास घ्यायचा, ही आमच्या कामातली पहिली सवय. त्या दिवशी कापराचा वास आला आणि जीव भांड्यात पडला. जुन्या नायट्रेट फिल्ममध्ये कापूर असतोच. नाकाला झोंबलं असतं तर रीळ सडायला लागलंय म्हणून समजायचं. पेटायलाही ती कापरासारखीच. वर जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे पाण्यातसुद्धा विझत नाही.

कॅनडातल्या एका संग्रहात मी रिळं तपासते. हे रीळ बिननावाच्या मूकपटाचं. त्याची ब्लॅक अँड व्हाइट कॉपी मी काही वर्षांपूर्वी पाहिली होती. बर्फाचा मुलूख, लाकडी खोपट, कुत्र्यांची स्लेज घेऊन पळणारी बाई. पडद्यावरची पाटी म्हणते मध्यरात्र, आणि बर्फावर कुत्र्यांच्या सावल्या लख्ख! तेव्हा नोंदीच्या कार्डावर मी शहाणपणा करून लिहिलं होतं: ‘दिग्दर्शकाची चूक. पाटीत रात्र, चित्रात दुपार.’

आता मूळ प्रिंट हातात होती. कडेला कोडॅकची खूण, दोन गोळे, म्हणजे फिल्म १९१९ची. ही खूण वीस वर्षांनी पुन्हा येते, पण १९३९मध्ये मूकपट कोण काढणार? त्याच १९१९मध्ये कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांतात, लेसर स्लेव्ह लेकवर, ‘बॅक टू गॉड्स कंट्री’ या मूकपटाचं शूटिंग चाललं होतं. तिथल्या थंडीत नायक रोनाल्ड बायरमला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला. असल्या गारठ्यात रात्री कॅमेरा लावून काय दिसणार होतं? तेव्हाच्या फिल्मला तेवढ्या उजेडात काही उमटायचंच नाही.

हँडल हळूहळू फिरवत होते. खोपटातला कंदिलाचा प्रसंग पिवळा. मग बोटाला एक जोड लागला, आणि जोडाच्या पलीकडे सगळं निळं. बर्फ निळा, आभाळ निळं, बाईचा चेहरा निळा. भिंग लावून पाहिलं, तर रंग चित्रापुरता नव्हता, पार कडेच्या भोकांपर्यंत गेला होता. म्हणजे दिवसा घेतलेला तुकडा रंगाच्या पाण्यात बुडवून कुणीतरी त्याची रात्र केली होती, आणि मग पिवळ्याला हाताने चिकटवली होती. नंतर कॉपी काढणाऱ्याने काळ्या-पांढऱ्या फिल्मवर छापली, आणि रात्र उडाली.

सावल्या मात्र निळ्यातही होत्या. फक्त आता त्या चांदण्यातल्या वाटत होत्या.

कपाटातून जुनं कार्ड काढलं. ‘दिग्दर्शकाची चूक’ खोडलं आणि खाली लिहिलं: ‘निळा टिंट, रात्र. चूक माझी.’ तारीख घातली, सही केली.