टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब लिनक्सवर नेताना

आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. ऑफिस म्हणजे शेडच्या पुढची एक खोली. तिथे तीन कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सासऱ्यांच्या उमेदीच्या काळापासून असलेले आमचे दिवाणजी. बिलं, उधारी, स्टॉक सगळं डॉसवरच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या, फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेसमध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर चालायचं. सोलापुरातल्याच एका गृहस्थांनी नव्वदच्या दशकात तो आमच्यासाठी लिहिला आणि 2017 साली जीएसटी आल्यावर कराचं कामही त्यांनीच त्यात बसवून दिलं. ते आता हयात नाहीत. प्रोग्रॅम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चोख चालला. हे मुद्दाम सांगते, कारण नवीन आलं की जुन्याला नावं ठेवायची पद्धत आहे आणि ती मला पटत नाही.

तरी बदलणं भाग होतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता. डॉसचे असले प्रोग्रॅम विंडोजच्या 32 बिट आवृत्तीतच थेट चालतात आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. त्यात आमची मशिनं विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हती. वालचंद कॉलेजात शिकणारा पुतण्या म्हणाला, "काकू, मशिनं धडधाकट आहेत, भंगारात कशाला घालायची? लिनक्स टाकू." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एवढंच विचारलं, "उधारीची यादी जशीच्या तशी येईल का?" त्या प्रश्नानेच पुढचं सगळं काम ठरवलं. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं याची चर्चा आम्ही बाजूला ठेवली आणि आधी जुन्यातला माल बाहेर काढायला बसलो. असं काही करायचं मनात असेल तर हाच क्रम ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

फॉक्सप्रोची माहिती ज्यात असते त्या डीबीएफ फायली लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्याच एका फुकट प्रोग्रॅममध्ये, सरळ उघडतात. पार्ट्यांची यादी उघडली तर एकच दुकान वेगवेगळ्या स्पेलिंगने बसलेलं. कुठे 'ट्रेडर्स' पूर्ण, कुठे नुसतं 'टीआर', कुठे गावाचं नाव पुढे जोडलेलं. नावावरून जुळवत बसलो असतो तर पार वेडे झालो असतो. जीएसटी क्रमांकाने ते सोपं केलं. त्याची 15 अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे 27, कर्नाटकचे 29, तेलंगणाचे 36, आणि त्यापुढची दहा अक्षरं पॅनची. त्या क्रमांकावर यादी लावली की जुळी खाती शेजारी शेजारी येऊन बसतात. मग दिवाणजींना विचारून एकेक खातं एकत्र केलं. येणं बाकी आम्ही एकगठ्ठा न घेता बिलवार घेतली आणि तिची बेरीज जुन्या ताळेबंदाशी पैशापर्यंत जुळल्यावरच अण्णांना दाखवली.

कामगारांची यादी वेगळीच अवघड. पगार आणि उचल यांचा हिशेब एक्सेलमध्ये होता, पण नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. लिनक्सवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. फॉन्ट आणून टाकला असता तर दिसायला ठीक झालं असतं, पण शोधायला आणि क्रमाने लावायला ती यादी निरुपयोगीच राहिली असती. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच राहते अशा पद्धतीत, नेलं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. 'निर्मला' या एका नावात दोन्ही येतात, म्हणून पुतण्याने कन्व्हर्टर तपासायला तेच नाव घेतलं होतं. ते नीट उमटल्यावर बाकीची यादी चालवली. तरीही माझ्या शेजारी मुकादमांना बसवून प्रत्येक नाव मोठ्याने वाचून घेतलं. माणसाचं नाव त्याच्या पगाराच्या कागदावर चुकीचं असू नये.

बिलं, उधारी, स्टॉक सांभाळायला ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर घेतलं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स. एका मशिनवर उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार टाकून त्याचा सर्व्हर केला, बाकी दोन्हींवर लिनक्स मिंट हा दुसरा. तिथे फक्त ब्राउझर लागतो. रात्री बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो. बसवण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, ते पुतण्याने परीक्षा सांभाळून केलं. एकच गोष्ट नोंदवते: सुरुवातीला बिलाच्या पीडीएफमध्ये मराठीच्या जागी रिकामे चौकोन येत होते. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकल्यावर गेले.

खरी कसोटी दिवाणजींची होती. त्यांनी कधी माउस धरला नाही. प्रोग्रॅम त्यांच्या बोटांत होता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बिल तयार व्हायचं. नवीन पडदा बघून म्हणाले, "वहिनी, हे बघत बसायचं की बिल करायचं? आपलं जुनंच बरं हाय की." त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग आम्ही मालाचे जुने कोड जसेच्या तसे ठेवले. 30 बाय 60 इंचाच्या टॉवेलला ते 3060 दाबायचे, आजही 3060 च दाबतात. नको असलेले रकाने लपवले, उरलेले त्यांच्या सवयीच्या क्रमाने लावले. टॅबने पुढे जायचं, कंट्रोल एसने जतन. मार्चभर बिलं दोन्हीकडे केली आणि रोज संध्याकाळी बेरजा ताडून पाहिल्या. 1 एप्रिल 2025 ला नवं वर्ष नव्यावर सुरू झालं.

डॉट मॅट्रिक्स मात्र सोडावा लागला. ब्राउझरमधून त्यावर बिल फार सावकाश निघतं. आता लेझरवर तीन प्रती निघतात, गिऱ्हाइकाची, ट्रान्सपोर्टची आणि आपली. कार्बनचा दाब बघून अस्सल प्रत ओळखायची दिवाणजींची सवय होती, म्हणून प्रत्येक प्रतीवर ती कुणाची हे वर ठळक छापून घेतलं. हैदराबादकडे 50,000 च्या वरचा माल निघाला की ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहून नेण्याच्या सरकारी कागदाची, फाइल इथूनच तयार होते आणि सरकारी पोर्टलवर चढवता येते.

22 सप्टेंबर 2025 ला कराचे दर बदलले. टॉवेलच्या भेटसंचांना 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि वर 12 होते, ते 2500 पर्यंत 5 आणि वर 18 झाले. नवीन दर कुठल्या तारखेपासून हे मालाच्या नोंदीत आधीच भरून ठेवता येतं. त्या दिवशी सकाळी दिवाणजींनी पहिलं बिल केलं, दर पाहिला, वहीत ताडला आणि पुढच्या बिलाला लागले.

जुना प्रोग्रॅम आम्ही काढला नाही. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये, नुसता पाहण्यापुरता ठेवलाय आणि तिथे उत्तम चालतो. लूमवार उत्पादन अजून मुकादमांच्या वहीतच आहे. पुढचं काम तेच आहे, आणि सुरुवात त्यांच्या वहीतले रकाने नीट समजून घेण्यापासून करणार आहे.